अन्याय सोसावा की बोलावा?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषणाची मला सवय नाही. पण आपल्या मंडळात सर्व धर्मांच्या बायका आहेत आणि मला पुष्कळदा विचारतात, "तुमच्यात म्हणे एका गालावर मारले तर दुसरा पुढे करायचा. मग अन्याय झाला तर तुम्ही नुसते सोसता की काय?" आज त्याचेच उत्तर मला येईल तसे देते.

प्रभू येशूने तशी शिकवण दिली हे खरे. पण त्याला स्वतःला थोबाडीत बसली तेव्हा त्याने काय केले, हे योहानाच्या शुभवर्तमानात अठराव्या अध्यायात आहे. याजकापुढे चौकशी चालू असता एका शिपायाने त्याला मारले. त्याने उलट हात उचलला नाही, शापही दिला नाही. पण तो गप्पही राहिला नाही. माझे बोलणे वाईट असेल तर ते दाखव, बरोबर असेल तर मला का मारतोस, असे त्याने सरळ विचारले.

पौलाचेही तसेच. फिलिप्पै शहरात त्याला व सीलाला चौकशीवाचून फटके मारून तुरुंगात टाकले. रात्री भूकंपाने दारे उघडली आणि तुरुंगाचा अधिकारी घाबरून जीव देऊ लागला, तेव्हा पौलानेच त्याला वाचविले. पण सकाळी गुपचूप सोडून देऊ लागले, तर तो जाईना. उघड मारलेत, आता स्वतः येऊन बाहेर न्या, असे त्याने अधिकाऱ्यांना कळविले, आणि त्यांना यावे लागले. म्हणजे सूड नाही, पण खोट्याला खरेही म्हणणे नाही.

आपल्या देशातलेच उदाहरण पाहा. ओडिशात बारिपदा येथे ग्रॅहम स्टेन्स कुष्ठरोग्यांची सेवा करीत. जानेवारी १९९९ मध्ये मनोहरपूर गावी ते व त्यांची मुले, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमथी, गाडीत झोपले असता जमावाने त्यांना जाळून मारले. त्यांच्या पत्नी ग्लॅडिसबाईंनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले व पुढेही काही वर्षे तेथेच राहून रुग्णांची सेवा केली. २००५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण क्षमा केली म्हणून खटला थांबला नाही. मुख्य आरोपीची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली कायम केली. क्षमा ही त्या बाईंच्या मनातली गोष्ट. शिक्षा हे न्यायालयाचे काम.

एवढी मोठी क्षमा आपल्याच्याने होईल का, असे वाटते. म्हणून एक लहान गोष्ट सांगते. मी घरी शिवणकाम करते. एका बाईंनी चारचौघींत माझ्यावर आळ घेतला, की मी त्यांचे कापड मारले. मी मापाची वही व उरलेले तुकडे घेऊन गेले आणि त्याच बायकांसमोर हिशेब मांडला. "वहिनी, कापड हे इथे आहे. आता शब्द मागे घ्या," म्हटले. त्यांनी तो घेतला नाही. अजूनही घेतलेला नाही. पुढे त्यांचा पाय मोडला, तेव्हा पंधरा दिवस माझ्या घरून डबा गेला. तो मी आनंदाने भरला असे म्हणणार नाही. पहिले काही दिवस प्रार्थना केल्यावाचून हात चालत नव्हता. क्षमा एकदम होत नाही. रोज थोडी थोडी करावी लागते.

शेवटी एक कळकळीचे सांगणे. एखादीला घरात मारहाण होत असेल, तर "सोस बाई, देव पाहतो आहे," असे कोणी धर्माच्या नावाने तिला सांगू नये. देव पाहतो, म्हणूनच आपण डोळे मिटू नयेत. अशा बाईसाठी २००५ चा घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहेत. तिच्याबरोबर तिथवर जाणे हे शेजारणीचे काम आहे. तिने मनातून द्वेष काढावा की नाही, हे मग तिचे आणि तिच्या देवाचे.