मत आणि माती
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

आम्ही काही विद्वान नाही. १९८९ साली बदली कामगार म्हणून गिरणीच्या सूतखात्यात लागलो. शाळा अर्धवट सुटली होती. रात्रपाळी करून दिवसा वाचनालयात बसलो, जे हाताला लागलं ते वाचलं. २०२० च्या टाळेबंदीत गिरणी थांबली ती थांबलीच. फुफ्फुसात कापसाची धूळ आणि डोक्यात बाबासाहेब, एवढीच आमची कमाई. त्या कमाईवर चार शब्द बोलायला उभे आहोत. काही चुकलं तर पदरात घ्यावं.

कार्यकर्त्यांनी विषय विचारला. आम्ही म्हटलं, "ख्रिस्ती लोक, निसर्ग आणि मतदान." दोघे-तिघे हसले. एक जण म्हणाला, "दादा, वर्धापनदिन विहाराचा आहे, चर्चचा नाही." बरोबर आहे त्यांचं. आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं. ईश्वर आपण मानत नाही. पण शेजारी तर मानतो ना? शेजाऱ्याच्या घरी काय शिजतं, काय करपतं, हे बघितलं तर आपल्या चुलीकडेही लक्ष जातं. म्हणून आज शेजाऱ्याची गोष्ट सांगतो. शेवटी आपल्या घरी येऊ.

बायबलचं पहिलं पुस्तक म्हणजे उत्पत्ती. त्यात दोन गोष्टी जवळजवळ आहेत. पहिल्या अध्यायात देव माणसाला पृथ्वीवर आणि प्राण्यांवर सत्ता देतो. दुसऱ्या अध्यायात तोच देव माणसाला बागेत ठेवतो, बाग कसायला आणि राखायला. आता बघा, ग्रंथ एकच. पण कुणी पहिलं पान धरलं नि म्हणाला, आम्ही मालक. कुणी दुसरं धरलं नि म्हणाला, आम्ही राखणदार. १९६७ साली लिन व्हाइट नावाच्या अमेरिकन इतिहासकाराने एक लेख लिहून आपल्याच समाजाला खडसावलं, की निसर्गाच्या नाशाची मुळं या मालकीच्या समजुतीत आहेत. लेखावर मोठा वाद झाला. पण पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी त्यानंतर आपला ग्रंथ पुन्हा उघडून वाचला. हे आम्हाला आवडलं. टीका झाली म्हणून दगड उचलण्यापेक्षा पुस्तक उचलणं केव्हाही चांगलं.

२०१५ च्या जूनमध्ये पोप फ्रान्सिस यांचं 'लाउदातो सी' नावाचं पत्र प्रसिद्ध झालं. ते फक्त कॅथलिकांना नाही, पृथ्वीवर राहणाऱ्या प्रत्येकाला उद्देशून होतं. त्याचं सार आमच्या भाषेत सांगायचं तर असं: धरती भाजते तेव्हा पहिला चटका गरिबाला बसतो, म्हणून धरतीचा प्रश्न आणि गरिबाचा प्रश्न वेगळे काढू नका. पोप फ्रान्सिस २०२५ च्या एप्रिलमध्ये वारले. पत्र राहिलं.

आपल्याला लांब जायला नको. वसई घ्या. केळी, पानवेली, फुलं, विहिरी यांचा मुलूख. १९८० च्या दशकाच्या शेवटी तो हिरवा पट्टा बांधकामाला मोकळा करण्याचा घाट घातला गेला. विहिरींचं पाणी टँकरने जाऊ लागलं. तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो झगा घालून लोकांबरोबर रस्त्यावर उतरले. हरित वसईचं आंदोलन झालं. त्यात ख्रिस्ती होते तसे हिंदूही होते. हेच फादर पुढे २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ च्या जुलैमध्ये ते गेले. धर्मगुरूने पाण्यासाठी रस्त्यावर यावं, हे आपल्याला नवल वाटायला नको. आपल्या मुक्तीची वाटच मुळी १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावरून निघाली.

पण आज जी गोष्ट मुख्य सांगायची ती अमेरिकेची आहे. तिथल्या काळ्या लोकांची. आपल्या दलित पँथरने १९७२ साली ज्यांच्याकडे बघून नाव घेतलं, त्यांच्या भाऊबंदांची.

नॉर्थ कॅरोलिना नावाचं राज्य आहे. १९७८ साली काही लोकांनी तिथे रात्रीच्या वेळी टँकर लावून पीसीबीचं विषारी तेल रस्त्याच्या कडेने ओतलं. पीसीबी पूर्वी विजेच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये वापरत. सुमारे २४० मैल रस्त्याची कड विषारी झाली. गुन्हेगारांना शिक्षा झाली, ते ठीक. पण ती माती खरवडून टाकायची कुठे? राज्य सरकारने जागा निवडली वॉरेन काउंटी. काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा. तिथले बहुसंख्य लोक काळे आणि गरीब. पिण्याचं पाणी विहिरीचं, आणि त्या जागेखाली भूजल अगदी वर. तरीही तीच जागा! बंधू-भगिनींनो, गावकुसाबाहेरची जागा कशी निवडतात हे आपल्याला कुणी शिकवायला नको. अमेरिकेत वेस आहे, फक्त ती दिसत नाही.

१९८२ च्या सप्टेंबरमध्ये विषारी मातीचे ट्रक निघाले. लोक कोली स्प्रिंग्ज नावाच्या बाप्टिस्ट चर्चमध्ये जमले. प्रार्थना केली आणि तिथून चालत निघाले. ट्रकपुढे रस्त्यावर आडवे झाले. बायका, म्हातारी माणसं, शाळकरी पोरं. पाचशेच्या वर लोकांना अटक झाली. डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेतले लोकही धावून आले. कितीतरी आठवडे हे चाललं.

मग काय, ट्रक थांबले? नाही थांबले. माती तिथेच पुरली गेली. आम्ही हे मुद्दाम सांगतो, कारण भाषणात विजयाच्याच गोष्टी सांगायची आपल्याला सवय लागली आहे. ते लोक हरले.

पण हरून घरी बसले नाहीत. त्याच साली निवडणूक होती. जे पाय मोर्चात चालले तेच मतदानाला चालले. इव्हा क्लेटन नावाच्या काळ्या बाई काउंटीच्या मंडळावर निवडून आल्या आणि पुढे अनेक वर्षं त्या मंडळाच्या अध्यक्ष होत्या. १९९२ साली त्या अमेरिकेच्या संसदेत गेल्या. त्या राज्यातून तिथे पोचलेल्या त्या पहिल्या काळ्या स्त्री. चर्चवाल्यांनी दुसरं काम केलं, अभ्यासाचं. १९८७ साली युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट या पंथाने देशभराची पाहणी छापली. त्यात दिसून आलं की विषारी कचऱ्याचे कारखाने कुठे येतात हे ठरवणाऱ्या गोष्टींत सगळ्यात पुढे आहे माणसाचा वंश. गरिबीच्याही पुढे! १९९४ साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांना आदेश काढावा लागला, की गरीब आणि अल्पसंख्य वस्त्यांवर प्रदूषणाचा जादा बोजा पडतो का, हे सरकारी खात्यांनी बघावं. आणि वॉरेन काउंटीतली ती माती? तिची साफसफाई पुरी व्हायला दोन दशकं लागली. पण झाली.

आता गोष्टीची दुसरी बाजू. त्याच अमेरिकेत, त्याच बायबलवर हात ठेवणारा आणखी एक मोठा समाज आहे, गोऱ्या इव्हँजेलिकल ख्रिश्चनांचा. त्यांच्यातही चांगली माणसं आहेत. २००६ साली त्यांच्या ८६ पुढाऱ्यांनी सही करून सांगितलं, की हवामानबदल खरा आहे आणि त्यावर काम करणं हे आपलं ख्रिस्ती कर्तव्य आहे. कॅथरीन हेहो नावाच्या शास्त्रज्ञ बाई स्वतः त्याच पंथातल्या, त्या गावोगाव जाऊन समजावतात. पण मत द्यायची वेळ आली की या समाजातले दहांतले सुमारे आठ जण २०१६ साली आणि पुन्हा २०२४ साली ज्या उमेदवाराच्या मागे उभे राहिले, त्याने दोन्ही वेळा पॅरिसच्या हवामान करारातून देश बाहेर काढला. १९९४ चा तो आदेशही २०२५ च्या जानेवारीत रद्द केला. त्यांनी मत दिलं ते इतर कारणांनी, हे खरं. त्यांची कारणं त्यांच्यापाशी. पण ट्रकपुढे आडवे पडून जे मिळालं, ते एका सहीने गेलं. आणि ती सही मतपेटीतून आली.

ग्रंथ एक, देव एक, प्रार्थना एक. मत मात्र वेगळं. याचा अर्थ काय? आम्हाला समजला तो असा, की नुसती श्रद्धा माणसाला वाचवत नाही. मत देताना डोळ्यांपुढे कुणाचा चेहरा येतो, त्यावर सगळं आहे.

आता आपल्या घरी येऊ. इथे आम्हाला एक कबुली द्यायची आहे.

२०१२ च्या महापालिका निवडणुकीत एक उमेदवार आपल्या विहारात आले होते. जुन्या लोकांना आठवत असेल. अंगणात पावसाचं पाणी साचत होतं. ते म्हणाले, "भराव टाकून देतो, लादी बसवून देतो." समितीत आम्ही होतो. आम्हीच हात वर केला. पुढे वस्तीत फिरून "यांना मत द्या" म्हणूनही आम्हीच सांगितलं. भराव आला. अंगण दोन फूट उंच झालं. आपण टाळ्या वाजवल्या. आणि उरलेलं डेब्रिज त्यांच्या माणसांनी मागच्या नाल्याच्या कडेला लोटलं. आम्ही ते बघितलं. बोललो नाही. लादी फुकट मिळाली होती ना!

२०१७ च्या २९ ऑगस्टला मुंबई बुडाली. विहारात पाण्याचा थेंब आला नाही. पाणी गेलं खालच्या आळीत. आपल्याच माणसांच्या घरात, कमरेएवढं. रात्री एक बाई कडेवर लेकरू घेऊन, दुसऱ्याचं बोट धरून वर विहारात आली. ओली चिंब. आम्ही चहा पुढे केला. तिने तो घेतला नाही. म्हणाली, "विहार उंच केलंत दादा, आमचं घर कशाला बुडवलंत?"

आम्ही आजवर पुष्कळ सभांत बोललो. त्या दिवशी बोलता आलं नाही.

नॉर्थ कॅरोलिनातल्या साहेबांनी आपल्या दारातली घाण उचलून दुबळ्याच्या दारात टाकली. आम्ही वेगळं काय केलं? आणि तेही तथागतांच्या मूर्तीसमोर! ज्या बुद्धाने पावसाळ्यात हिरवे कोंब आणि जीवजंतू पायाखाली चिरडू नयेत म्हणून भिक्खूंना एका ठिकाणी वर्षावास करायला सांगितला, त्याच्या विहारात. ज्या सम्राट अशोकाने झाडं लावली, विहिरी खणल्या, विनाकारण जंगल जाळू नये असं दगडावर कोरून ठेवलं, त्याचं चक्र दारावर लावून. ग्रंथ आपल्याकडेही आहे. मत देताना आम्ही तो मिटून ठेवला.

काही तरुण म्हणतात, हवामान हा मोठ्या लोकांचा विषय आहे. मित्रांनो, सूतखात्यात काम केलेल्याला हवामान समजावं लागत नाही. हवा कोरडी झाली की धागा तुटतो, म्हणून खात्यात बाष्प सोडतात. गरम हवा जास्त बाष्प धरते, हे आम्ही अंगातल्या घामावरून शिकलो. कोळसा आणि तेल जाळून पृथ्वीभोवती वायूची गोधडी जाड झाली. हवा तापली, जास्त बाष्प धरू लागली, आणि ते एकदम कोसळू लागलं. २००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तो आपण अंगावर झेललाय. प्रत्येक पावसाचं खापर हवामानबदलावर फोडता येत नाही. पण असे पाऊस वाढत जाणार, हे शास्त्रज्ञ सांगतात. आणि पत्र्याच्या घरात मे महिन्यात काय होतं, ते आपल्या आयाबहिणींना विचारा.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बजावलं होतं, की राजकारणात प्रत्येकाला एक मत आणि प्रत्येक मताचं मूल्य सारखं, पण समाजात आणि अर्थकारणात विषमता, अशा विसंगत जीवनात आपण प्रवेश करत आहोत. त्या विसंगतीत आपल्या हातात समान अशी एकच वस्तू आहे, ती म्हणजे मत. ती आम्ही दोन फूट भरावाला विकली.

कुणाला मत द्या हे आम्ही आज सांगणार नाही. तो अधिकार आम्ही २०१२ सालीच गमावला. पण मत मागायला जो येईल, कुठल्याही झेंड्याचा असो, त्याला अंगणात बसवा, पाणी द्या आणि चार प्रश्न विचारा. एक, आमच्या मागचा नाला रुंद आणि मोकळा कधी करणार? दोन, तुमच्या कामाचं डेब्रिज कुणाच्या दारात जाणार? तीन, मुंबईचा हवामान कृती आराखडा २०२२ च्या मार्चमध्ये जाहीर झाला, त्यातलं आमच्या वॉर्डात काय झालं? चार, आमच्या पत्र्यांच्या घरांचा ताप कमी करायला काय करणार? उत्तरं वहीत लिहा. त्याची सही घ्या. वही विहारात ठेवा. पाच वर्षांनी तीच वही त्याच्यापुढे उघडा.

आणि तो काही फुकट देऊ लागला, तर आधी खालच्या आळीला विचारा. आजपासून समितीत खालच्या आळीच्या दोन महिला असाव्यात, असा ठराव आम्ही इथे मांडतो. त्यांतली एक ती बाई असावी, ही आमची विनंती. ती आज इथे बसली आहे. नाव घेत नाही. तिची आम्ही या अंगणात, या भरावावर उभं राहून माफी मागतो.

एवढं बोलून आम्ही आमचे शब्द संपवतो.

जयभीम! जय भारत!