एक चरित्र, चार शुभवर्तमानं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



नाताळच्या दिवसांत चर्चमध्ये किंवा ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या घरी गव्हाणीचा देखावा आपण पाहतो. मधोमध बाळ येशू, शेजारी मरिया आणि योसेफ, एका बाजूला मेंढपाळ, दुसऱ्या बाजूला भेटवस्तू घेऊन आलेले पूर्वेकडचे ज्ञानी पुरुष आणि वर चमकता तारा. हे सगळं कुठल्या तरी एका पुस्तकात असंच लिहिलेलं असणार, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात मेंढपाळ आणि गव्हाण फक्त लूकच्या शुभवर्तमानात आहेत. तारा आणि ज्ञानी पुरुष फक्त मत्तयच्या. शिवाय मत्तयचे ज्ञानी पुरुष येतात ते एका घरात. मार्क आणि योहान तर जन्माची हकिगत सांगतच नाहीत. म्हणजे हा देखावा दोन पुस्तकं जोडून तयार झालेला आहे.

बायबलच्या नव्या कराराच्या सुरुवातीला येशूचं चरित्र सांगणारी ही चार शुभवर्तमानं येतात. यांपैकी योहानची मांडणी वेगळी आहे. मंदिरातल्या व्यापाऱ्यांना येशूने हाकलून दिल्याचा प्रसंग इतर तिघं अखेरच्या आठवड्यात सांगतात, तर योहान तो अगदी सुरुवातीला सांगतो. मत्तय, मार्क आणि लूक यांच्यात मात्र इतकं साम्य आहे की, तिन्हींचा मजकूर शेजारी शेजारी तीन रकान्यांत छापता येतो. ग्रीसबाख या जर्मन अभ्यासकाने १७७६ साली असं स्वतंत्र पुस्तक काढलं. एका नजरेत पाहता येतात म्हणून ही तीन शुभवर्तमानं 'समदर्शी' म्हणून ओळखली जातात. मार्कमध्ये साडेसहाशेहून थोडी अधिक वचनं आहेत. त्यांतला सुमारे नव्वद टक्के मजकूर कमीअधिक फरकाने मत्तयमध्ये आणि निम्म्याहून अधिक लूकमध्ये सापडतो.

इथे कुणी म्हणेल, यात नवल काय? घटना एकच, मग हकिगतही सारखीच असणार. पण मी अनेक वर्षं उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. दोघांचं उत्तर बरोबर आलं, तर आम्ही शिक्षक संशय घेत नाही. दोघांचं वाक्य एकाच ठिकाणी अडखळलं, की मात्र आम्ही थांबतो. इथेही तसंच आहे. पक्षाघात झालेल्या माणसाला येशू बरं करतो, त्या प्रसंगात येशू जमलेल्यांशी बोलत असताना त्याचं वाक्य मधेच तुटतं आणि तो त्या आजारी माणसाकडे वळला, हे लेखक आपल्या शब्दांत सांगतो. हे तुटणं तिन्ही पुस्तकांत त्याच जागी आहे. दुसरीकडे मार्क येशूचं भाषण मधेच थांबवून, वाचणाऱ्याने हे नीट समजून घ्यावं, अशी सूचना करतो. मत्तयमध्येही ती त्याच जागी आहे. 'वाचणाऱ्या'ला उद्देशून केलेली सूचना तोंडी आठवणीतून येत नाही, ती लेखी मजकुरातूनच येते. शिवाय येशू बोलत होता अरामी आणि ही पुस्तकं आहेत ग्रीक. तिघांनी स्वतंत्रपणे भाषांतर केलं असतं, तर शब्द इतके जुळले नसते.

मग कुणी कुणाचं पाहिलं? इसवी सन ४००च्या सुमारास संत ऑगस्टीन यांनी मत मांडलं की, मत्तय पहिला आणि मार्क हा त्याचा संक्षेप करणारा. ही समजूत शतकानुशतकं टिकली. एकोणिसाव्या शतकात जर्मन अभ्यासकांनी ती उलटी केली, आणि आज बहुतेक अभ्यासक मार्कलाच आधीचा मानतात. मार्कचा काळ ते साधारण इसवी सन ७०च्या आसपास धरतात. येशूला क्रुसावर दिलं, त्याला तेव्हा सुमारे चाळीस वर्षं झाली होती.

याची कारणं वाचताना मला तरी रहस्यकथेसारखी गोडी लागते. मार्क संक्षेप करत होता म्हणावं, तर याइराच्या मुलीची गोष्ट तो तेवीस वचनांत सांगतो आणि मत्तय नऊ वचनांत. येशूचा जन्म, डोंगरावरचं प्रवचन, प्रभूची प्रार्थना हे सगळं वगळायचं आणि वादळात येशू नावेत उशीवर डोकं ठेवून झोपला होता, ही उशी मात्र नव्याने घालायची, असा संक्षेप कोण करील? याउलट, अडचणीच्या जागा मार्कमध्ये आहेत आणि इतरांनी त्या टाळल्या आहेत. येशूचं डोकं फिरलं आहे असं समजून त्याच्या घरची माणसं त्याला धरायला निघाली, हे फक्त मार्क सांगतो. एका आंधळ्याला पहिल्या प्रयत्नात धूसर दिसलं आणि पुन्हा हात ठेवल्यावर स्पष्ट दिसलं, हेही फक्त मार्क सांगतो. गावच्या माणसांत येशूला चमत्कार करता आले नाहीत, असं मार्क लिहितो. मत्तयने तिथे येशूने फारसे चमत्कार केले नाहीत, असं सौम्य केलं आहे. आणि एक छोटी चूक. हेरोद अंतिपा हा राजा नव्हता, मांडलिक होता. मत्तय सुरुवातीला त्याला बरोबर मांडलिक म्हणतो, पण थोडं पुढे जाताच त्याच्या लेखणीतून 'राजा' उतरतो. मार्कमध्ये तो पहिल्यापासून राजाच आहे.

आणखी एक कोडं उरतं. मार्कमध्ये नसलेली, पण मत्तय आणि लूक दोघांकडे असलेली दोनशेहून अधिक वचनं आहेत. त्यांत बहुतांशी येशूचे उपदेश आहेत. दोघांजवळ उपदेशांचा एखादा हरवलेला संग्रह असावा, असा तर्क आहे. 'स्रोत' या अर्थाच्या जर्मन शब्दाच्या आद्याक्षरावरून त्याला 'क्यू' म्हणतात. त्याची एकही प्रत सापडलेली नाही. १९४५ साली इजिप्तमध्ये नाग हम्मादी इथे थोमाच्या नावचं ११४ वचनांचं पुस्तक मिळालं. ते काही 'क्यू' नव्हे, पण नुसत्या वचनांचे संग्रह तेव्हा होते, एवढं त्यावरून कळलं. उलट, लूकने मत्तयच वाचला होता आणि 'क्यू'ची गरजच नाही, असं ऑस्टिन फॅरर यांनी १९५५ साली मांडलं. तो वाद आजही चालू आहे.

श्रोतेहो, हा केवळ पंडितांचा खेळ आहे का? मला तसं वाटत नाही. तीन पुस्तकं एकमेकांवर आधारलेली असतील, तर ते तीन स्वतंत्र साक्षीदार ठरत नाहीत. हे भाविकालाही प्रामाणिकपणे मान्य करावं लागतं. पण त्या बदल्यात काहीतरी मिळतं. प्रत्येक लेखकाने काय ठेवलं, काय बदललं हे दिसू लागतं आणि त्याचा स्वतःचा आवाज ऐकू येतो. येशू कुणाला धन्य म्हणतो, तेच पाहा. लूकमध्ये तो सपाट जागी उभा आहे आणि धन्य म्हणतो ते सरळ गरिबांना आणि भुकेल्यांना. शिवाय श्रीमंतांना तो इशाराही देतो. मत्तयमध्ये तो डोंगरावर आहे आणि धन्य आहेत ते आत्म्याने दीन असलेले, धार्मिकतेची भूक असलेले. एकाची नजर रिकाम्या पोटाकडे, दुसऱ्याची नम्र मनाकडे. दोन्ही एकत्र कालवलं, तर पोटाची भूक मनाच्या भुकेत विरघळून जाते आणि श्रीमंत वाचक सुटकेचा निःश्वास टाकतो.

असं कालवणं प्रत्यक्षात झालंही होतं. इसवी सन १७०च्या सुमारास तातियान याने चारही शुभवर्तमानं गुंफून एक सलग चरित्र तयार केलं. सिरियाकभाषी ख्रिस्ती मंडळींत ते दीर्घकाळ वाचलं गेलं. पाचव्या शतकात थिओडोरेट या बिशपने आपल्या प्रांतातल्या त्याच्या दोनशेहून अधिक प्रती गोळा करून बाजूला केल्या आणि त्यांच्या जागी चार वेगळी शुभवर्तमानं दिली. सलग चरित्र सांगण्याची ओढ मात्र संपली नाही. आपल्या मराठीत फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेल्या 'क्रिस्तपुराणा'तही चौघांचे प्रसंग ओव्यांच्या एका ओघात आले आहेत. सांगणाऱ्याला, गाणाऱ्याला ते सोयीचं असतं, आणि त्यात गैर काहीच नाही.

पण धर्मग्रंथ म्हणून चर्चने चार वेगळी पुस्तकंच राखली. विसंगती त्यांना दिसत नव्हत्या असं नाही. त्यांवरून टोमणे मारणारे टीकाकार तेव्हाही होते. एकच गुळगुळीत चरित्र स्वीकारलं असतं, तर कितीतरी अवघड प्रश्न टळले असते. ते प्रश्न अंगावर घेऊन त्यांनी चार आवाज जपले. म्हणून कुणी 'शुभवर्तमानात असं म्हटलं आहे' असं सांगितलं, तर आपण आदराने एवढंच विचारावं : कुणाच्या शुभवर्तमानात? हा प्रश्न श्रद्धेच्या विरोधातला नाही, तो नीट वाचण्याचा प्रश्न आहे.