आधी घर, मग देवाचे घर

जालन्याजवळ बेथेल नावाची वस्ती आहे. हे नाव हिब्रू भाषेतले, आणि त्याचा अर्थ ‘देवाचे घर’. ही वस्ती वसवली रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी. १८४३ साली मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. पुढे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे धर्मोपदेशक म्हणून ते या भागात आले. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होते. निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून जमीन मिळाली, आणि तिच्यावर ख्रिस्ती कुटुंबांचे हे गाव उभे राहिले.

गावाला नाव ‘देवाचे घर’ दिले खरे. पण ते घर सांभाळायला माणूस कसा हवा? आजच्या भाषणात याच प्रश्नाचा विचार करू. पाळक, म्हणजे मंडळीचा धर्मगुरू, निवडताना त्याचे वैवाहिक जीवन का पाहायचे?

प्रश्न जुना आहे. बायबलच्या नव्या करारात तीमथ्याला लिहिलेले पहिले पत्र आहे. त्याच्या तिसऱ्या अध्यायात मंडळीच्या पुढाऱ्याच्या अंगी काय काय असावे हे सांगितले आहे. त्याला एकच पत्नी असावी ही अट तिथे अगदी आरंभी येते. शिकवण्याचे कौशल्य मागाहून येते! आणि थोडे पुढे पत्र विचारते की, ज्याला स्वतःचे घर नीट चालवता येत नाही, तो देवाच्या मंडळीची काळजी काय घेणार? आपल्याकडची कोणतीही म्हातारी हेच विचारील. ज्याच्या घरची चूल धड पेटत नाही, त्याच्या हाती गावजेवणाची कढई कोण देईल?

या अटीचा अर्थ मात्र सगळ्यांनी एकच लावला नाही. रोमन कॅथलिक पंथाच्या लॅटिन शाखेत धर्मगुरू अविवाहित राहण्याचे व्रत घेतात. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये विवाहित माणूस धर्मगुरू होऊ शकतो. पण दीक्षा झाल्यानंतर त्याला लग्न करता येत नाही. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत पाळक बहुधा संसारी असतो. व्रते वेगळी, पण कसोटी एकच: दिलेला शब्द हा माणूस पाळतो की नाही?

आपल्या देशात ही अट नुसती पोथीत राहिली नाही. एकोणिसाव्या शतकात दोन बायका असलेला माणूस ख्रिस्ती व्हायला आला, तर मिशनऱ्यांपुढे पेच पडे. दुसरीला सोड म्हणावे, तर त्या बिचारीने जावे कुठे? कलकत्त्याच्या मिशनऱ्यांच्या परिषदेने त्या शतकाच्या पूर्वार्धात तोड काढली ती अशी: अशा माणसाने दोघींनाही सांभाळावे, त्याला मंडळीत घ्यावे, पण मंडळीतले अधिकाराचे पद त्याला देऊ नये. पुढे १८८८ साली अँग्लिकन बिशपांच्या लँबेथ परिषदेने अधिक कडक निर्णय घेतला, आणि तो शंभर वर्षांनी, १९८८ साली, सौम्य केला. मला यात कलकत्त्याचा निवाडा शहाणपणाचा वाटतो. मंडळीचे दार सर्वांना उघडे असावे. पण जो पुढे उभा राहून इतरांना वाट दाखवणार, त्याची कसोटी कडक असावी.

आता एक मराठी उदाहरण घेऊ. कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई हिंदूच राहिल्या. दोघांची ताटातूट झाली. त्या काळी १८६६ चा एक कायदा होता. धर्मांतर केलेल्या माणसाचा जोडीदार त्याच्याबरोबर राहायला तयार नसेल, तर ठरावीक मुदतीनंतर न्यायालयातून विवाह मोडून घेता येई. वाट मोकळी होती. टिळकांनी ती धरली नाही. दुसरे लग्न केले नाही, आणि ‘तूही धर्म बदल, तरच घरात घेतो’ अशी अटही घातली नाही. पुढे दोघे पुन्हा एकत्र आले तेव्हाही लक्ष्मीबाईंनी आपले सोवळे पाळले. मग आपल्याच विचाराने, आपल्याच पावलांनी चालत जाऊन त्यांनी १९०० साली बाप्तिस्मा घेतला. टिळकांना धर्मोपदेशकाची दीक्षा १९०४ साली मिळाली. दीक्षा मागाहून आली. परीक्षा आधीच होऊन गेली होती.

टिळक काही देवमाणूस नव्हते. त्यांचा तापटपणा, लहरीपणा, पैशाचा बेहिशेबीपणा लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त मोकळेपणाने सांगितला आहे. म्हणूनच त्यांच्या साक्षीला किंमत आहे. निष्ठा म्हणजे दोष नसणे नव्हे. रागावणारा, विसरणारा, उधळ्या माणूसही एकनिष्ठ असू शकतो. आणि गोड बोलणारा, शांत दिसणारा माणूस तसा नसूही शकतो.

कुणी म्हणेल, पाळकाचे प्रवचन चांगले असले म्हणजे झाले, त्याच्या घरात डोकावायचे कशाला? श्रोतेहो, पाळकाचे काम प्रवचनावर संपत नाही. आजाऱ्याच्या उशाशी तो बसतो. नवराबायकोचे भांडण त्याच्यापुढे येते. विधवा त्याला आपले दुःख सांगते, तरुण मुलगी आपली अडचण सांगते. एरवी परक्याला जी दारे उघडत नाहीत, ती त्याच्यासाठी उघडतात. अशा माणसाचे पाऊल घसरले, तर नुकसान एका घराचे होत नाही. ज्या बाईने विश्वासाने दार उघडले तिचे होते, आणि गाव बहुधा तिलाच बोल लावते! ही अट पाळकाच्या मोठेपणासाठी घातलेली नाही; मंडळीतल्या दुबळ्या माणसाच्या रक्षणासाठी घातलेली आहे.

म्हणून दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, पाळक नेमताना त्याच्या पदव्या पाहा, आवाज ऐका. पण घरात तो पत्नीशी कसा बोलतो, तिच्या आजारपणात कसा वागतो, हेही विचारा. दुसरी, तक्रार आलीच तर ‘मंडळीची अब्रू जाईल’ म्हणून ती दाबू नका. पुरावा न पाहता कुणाला दोषी ठरवू नये हे खरे. पण अब्रू झाकण्याने वाचत नाही, न्यायाने वाचते.

आणि शिक्षकबंधूंनो, भगिनींनो, ही गोष्ट ख्रिस्ती मंडळीपुरतीच आहे असे समजू नका. कीर्तनकार असो, मौलवी असो, की तुमच्यामाझ्यासारखा मास्तर असो, लोक आपली लेकरे ज्याच्या हवाली करतात, त्याच्या खाजगी वागण्याची चौकशी करण्याचा त्यांना हक्क आहे. आपण फळ्यावर लिहितो ते मुले वहीत उतरवून घेतात. आपण वागतो ते मात्र त्यांच्या मनात उतरते, आणि ते पुसायला डस्टर नसते.

बेथेलच्या नावाचा अर्थ मी आरंभी सांगितला. देवाचे घर दगडविटांनी बांधता येते, त्याला जमीनही मिळते. ते टिकते मात्र साध्या घरात पाळलेल्या शब्दावर.