लेंकरांचें ऐकणें हा आईबापांचा धर्म

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या कुटुंबमेळाव्यांतील भाषण)



चौथी आज्ञा आपणां सर्वांस तोंडपाठ आहे. आईबापांचा मान राखावा, त्यांच्या शब्दाबाहेर जाऊं नये, हें आपण धर्मशिक्षणाच्या वर्गांत शिकलों आणि तेंच आपल्या मुलांस शिकवीत आलों. तें योग्यच आहे. परंतु आज, आपल्या धर्मग्रामाच्या पन्नासाव्या वर्षीं, या आज्ञेची दुसरी बाजू आपणांपुढें मांडावी असें आम्हांस वाटतें. संत पौलानें कलस्सैकरांस लिहितांना मुलांना आज्ञापालन सांगितलें, आणि लागलीच बापांस बजावलें कीं मुलांस चिडवून त्यांचें मन खचूं देऊं नये. मन कशानें खचतें? मारानें खचतें हें खरें. पण आपलें कोणी ऐकतच नाहीं, या जाणिवेनें तें त्याहूनही खोल खचतें.

जुन्या करारांतील वृद्ध याजक एली याची गोष्ट आठवा. रात्रीं बाळ शमुवेल हांक ऐकून त्याच्याकडे धांवत आला. एलीनें हांक मारलीच नव्हती. त्यानें मुलास परत निजावयास पाठविलें. असें तीनदां झालें, तेव्हां एलीच्या ध्यानांत आलें कीं मुलास हांक मारणारा प्रत्यक्ष परमेश्वर आहे. देव त्या रात्रीं याजकाशीं नव्हे, लेंकराशीं बोलत होता; वडील माणसाचें काम तें ओळखण्याचें होतें. सकाळीं तर त्याहून कठीण प्रसंग आला. शमुवेलास मिळालेला निरोप खुद्द एलीच्या घराण्याविरुद्ध होता, आणि मूल तो सांगण्यास भीत होतें. एलीनें त्यास कांहींही न लपवितां सर्व सांगण्यास लावलें, आणि तें कटु सत्य मान खालीं घालून स्वीकारलें. आपल्याविरुद्ध जाणारी गोष्ट मुलाच्या तोंडून ऐकण्याचें धैर्य आपणांपैकीं कितीजणांत आहे?

नाझरेथच्या पवित्र कुटुंबाकडे पाहूं. येशू बारा वर्षांचा असतां यरुशलेमांत मागें राहिला. तीन दिवस शोधून थकलेल्या मातेनें आपलें दुःख त्यास सांगितलें, पण त्याबरोबर कारणही विचारलें. त्याचें उत्तर मरिया व योसेफ यांस समजलें नाहीं. तरीही मरियेनें तें उडवून लावलें नाहीं. अंतःकरणांत जपून ठेविलें. न समजलेलें बोलणें मनांत जपणें, हेंही ऐकणेंच होय. आणि येशू त्यांजबरोबर घरीं जाऊन त्यांच्या आज्ञेंत राहिला. म्हणजे मुलाचें ऐकणें हें त्याचा प्रत्येक हट्ट पुरविणें नव्हे, आणि ऐकल्यानें आईबापांचा अधिकार कमीही होत नाहीं.

संत जॉन बॉस्को दोन वर्षांचा होण्याच्या आधींच, १८१७ सालीं, त्याचा पिता वारला. नवव्या वर्षाच्या सुमारास त्यास एक स्वप्न पडलें: भांडणाऱ्या, शिव्या देणाऱ्या मुलांस ठोशांनीं नव्हे, तर सौम्यतेनें जिंकावयाचें आहे. सकाळीं त्यानें तें घरांत सांगितलें. एक भाऊ म्हणाला, हा मेंढपाळ होणार. सावत्र भाऊ म्हणाला, हा दरोडेखोरांचा नायक होणार. आजीनें स्वप्नांकडे लक्ष देऊं नये असें सांगितलें. आई मार्गारेटा मात्र म्हणाली कीं कदाचित् हा धर्मगुरुही होईल. ती निरक्षर शेतकरीण होती, पण तिनें ऐकलें. तो १८४१ सालीं धर्मगुरु झाला. पुढें १८४६ सालीं तीच माता त्याच्या अनाथ मुलांचा संसार सांभाळण्यास ट्युरीन शहरीं गेली.

येथें आमचा स्वतःचा एक अपराध कबूल करितों. आमचा धाकटा मुलगा आठ वर्षांचा असतांना दर सोमवारीं सकाळीं पोट दुखतें म्हणून रडे. आम्हीं कधीं ओवा चावावयास दिला, कधीं दटावलें, आणि हात धरून शाळेंत पोंचविलें. असें दोन महिने चाललें. एके रात्रीं वीज गेली होती. दुसरें कांहीं काम सुचेना, म्हणून आम्ही ओट्यावर त्याच्याजवळ नुसते बसून राहिलों. बऱ्याच वेळानें तो अंधारांतच म्हणाला, "बाबा, सोमवारीं मोठ्यानें वाचायला लावतात. माझीं अक्षरें एकमेकांत मिसळतात. मग सगळे हसतात." दुखणें खोटें नव्हतें, आम्हीच तें पोटांत शोधीत होतों. पुढें त्यास चांगली मदत मिळाली व तो वाचूं लागला. पण ते दोन महिने आम्हांस त्याला परत देतां येत नाहींत.

आतां एक कठीण गोष्ट. "मला त्यांच्याकडे जायचें नाहीं," असें मूल म्हणतें, तेव्हां तें नातलगाविषयीं असेल, शिक्षकाविषयीं असेल, ख्रिस्तसभेच्या सेवकाविषयींही असेल. "एवढा मोठा माणूस, असें कसें करील?" म्हणून मुलास गप्प करूं नका. ज्यांचें ऐकलें गेलें नाहीं त्या लेंकरांच्या जखमा किती खोल असतात, हें ख्रिस्तसभेस फार उशिरां उमगलें. २०१९ सालीं पोप फ्रान्सिस यांनीं अशा तक्रारी धर्माधिकाऱ्यांस कळविणें धर्मगुरु व व्रतस्थ यांजवर बंधनकारक केलें. आपल्या देशाच्या २०१२ च्या बालसंरक्षण कायद्यानें तर असा लैंगिक अपराध कळल्यास पोलिसांस कळविणें प्रत्येकाचें कर्तव्य ठरविलें आहे. १०९८ हा मुलांच्या मदतीचा दूरध्वनि क्रमांकही घरांत सर्वांस ठाऊक असावा.

करावयाचें तें थोडें आहे. रात्रीं जपमाळ झाल्यावर दहा मिनिटें मोबाईल दूर ठेवा, मुलाजवळ बसा, आणि उपदेशाची घाई करूं नका. मूल गप्प राहिलें तरी उठूं नका.

मोशेच्या नियमशास्त्रांत पन्नासावें वर्ष रणशिंगाच्या नादानें सुरू होई, आणि दास मुक्त होऊन आपापल्या घरीं परतत. आपल्याही घरांत कित्येक लेंकरें मनांतल्या मनांत कोंडलेलीं आहेत. या महोत्सवाच्या वर्षीं त्यांचें ऐकून त्यांस मोकळें करूं या. त्यासाठीं नाझरेथची माता आपणांस तिचें ऐकणारें अंतःकरण मिळवून देवो. आमेन.