ओवी कुणाची, गाव कोणतं

(पुण्यातील मार्केट यार्ड येथील व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



इथे पहाटे गाडी लागली की माल कुणाचा, हे आधी पाहिलं जातं. विक्री झाली की पट्टी निघते: नाव, गाव, वजन, भाव, हमाली, तोलाई. कांद्याच्या एका पिशवीचाही धनी आपण हरवू देत नाही. आणि याच आवारातून फोनवर जे घरी जातं, घरून जे येतं, म्हणजे लेकीची रांगोळी, आईनं शिवलेली गोधडी, आजोबांचा पिवळा पडलेला फोटो, त्याच्यासोबत एक अक्षरही नसतं. फार तर हात जोडल्याचं चित्र असतं. मला आज एकच गोष्ट मनापासून मागायची आहे. आपल्या माणसाची कला किंवा आठवण पाठवाल तेव्हा तिच्यासोबत त्याचं नाव, गाव आणि साल पाठवा.

हे काम किती मोठं होऊ शकतं, याचं उदाहरण पुण्यातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या दोघा अभ्यासकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्या, हजाराहून अधिक गावं, तीन हजारांवर गाणाऱ्या बाया. या कामात मुळशीच्या डोंगराळ भागातल्या, गरीब डोंगरी संघटनेतल्या बायकाही होत्या. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्यातल्या कितीतरी ओव्या ध्वनिमुद्रित केल्या, म्हणून शब्दांसोबत चालीही राहिल्या. तोवर गावोगावी विजेची चक्की आली होती आणि जातं कोपऱ्यात गेलं होतं. 2017 पासून ‘पारी’ म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडियानं हा ठेवा इंटरनेटवर आणायला सुरुवात केली.

मला त्यात सगळ्यात मोलाची वाटते ती नोंद ठेवण्याची पद्धत. ओवीखाली गाणारीचं नाव असतं. गाव, तालुका, जिल्हा असतो. मुळशी तालुक्यातल्या कोळवड्याच्या ताराबाई उभे, नांदगावच्या कुसुम सोनवणे, परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे. पुढे ‘पारी’ची माणसं गावांत परत गेली, ज्या भेटल्या त्यांचे फोटो घेतले, त्यांचं गाणं पुन्हा चित्रित केलं. जिनं आयुष्यभर दुसऱ्याच्या घरचं दळण दळलं, तिच्या नावावर सातबारा नसेल, पण ओवी तिच्या नावावर आहे. तिची नात मुंबईत असो की मस्कतला, आजीचं नाव घालून आजीचा गळा ऐकू शकते. ‘एक पारंपरिक ओवी’ एवढंच लिहून ठेवलं असतं, तर त्या नातीनं काय शोधलं असतं?

आता आपल्या घरचं पाहू. दिवाळीत मुलगी चार तास वाकून रांगोळी काढते. फोटो घरच्या ग्रुपवर जातो, तिथून सोसायटीच्या, तिथून आणखी कुठल्या. भाऊबीजेपर्यंत तीच रांगोळी अनोळखी माणसाकडून ‘शुभ दीपावली’ लिहून परत येते. कुणी चोरी केली असं नाही. नाव नसलेली वस्तू सगळ्यांची होते, एवढंच. पण त्या मुलीच्या चेहऱ्याकडे पाहा.

यात यंत्राचाही भाग आहे आणि तो समजून घ्यायला हवा. व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की तो आकारानं लहान होतो आणि फोटो कधी, कुठे काढला याची त्याच्या पोटात असलेली नोंद निघून जाते. ठिकाण अनोळखी माणसाला कळत नाही, हे चांगलंच आहे. पण तारीखही जाते. म्हणून घरच्यांना जुना फोटो किंवा चित्र पाठवताना ते डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि खाली दोन ओळी हातानं लिहा. मूळ प्रत मात्र घरीही ठेवा. ऑर्कुट हे समाजमाध्यम 30 सप्टेंबर 2014 ला बंद झालं, आणि ज्यांनी आपले फोटो वेळेत उतरवून घेतले नव्हते त्यांचे गेले. गूगल फोटोजमधली अमर्याद फुकट साठवण 1 जून 2021 पासून थांबली. दुसऱ्याच्या जागेत ठेवलेली वस्तू त्याच्या सोयीनं राहते.

फक्त घरात ठेवणंही पुरत नाही, हे पुणेकरांना सांगायला नको. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं, खडकवासला धरणही फुटलं, आणि नदीकाठच्या पेठांमधल्या कितीतरी घरांतले लग्नाचे फोटो, पत्रं, वह्या चिखलात गेल्या. त्या फोटोंची एखादी प्रत नगरच्या आत्याकडे, साताऱ्याच्या मामाकडे असेल, तर तेवढीच उरली. वाटून ठेवलेलं टिकतं, म्हणून मी पाठवण्याच्या बाजूचा आहे.

पण पाठवण्याआधी विचारा. ओव्यांमध्ये सासरचा जाच आहे, भावाबद्दलची तक्रार आहे. ते पहाटेच्या अंधारात, बायाबायांत गायलेलं होतं. तसंच आईच्या वहीतलं सगळंच सगळ्यांसाठी नसतं. ‘आई, हे पान काकांना पाठवू का?’ एवढं विचारायला किती वेळ लागतो? ती नको म्हणाली तर नको. लहान मुलाचं चित्र असलं तरी त्यालाही विचारा. चित्र त्याचं आहे.

हमालनगरातल्या किंवा बिबवेवाडीतल्या कुठल्याही घरात हे एका रविवारी सुरू करता येईल. जुना फोटो खिडकीच्या उजेडात सपाट ठेवा, फ्लॅश नको, वरून सरळ फोटो घ्या. मग उलटून पाठीचाही घ्या, तिथे स्टुडिओचा शिक्का असतो, कधी तारीख असते. गोधडी पूर्ण घ्या आणि टाक्यांचा जवळूनही एक घ्या. फोन आजीपुढे धरा आणि तिला बोलू द्या. कोणतं लुगडं, कुणाचं, कधी फाटलं. तो आवाज फोटोसोबत पाठवा. आणि तिकडून काकूनं लिहिलं की डावीकडची ती मावशी नव्हे, शेजारच्या बिऱ्हाडातली बाई आहे, तर ती दुरुस्तीही त्याच फोटोखाली लिहून ठेवा, काकूच्या नावासकट.