लेथवरची लेक



परंड्याच्या किल्ल्यातल्या तोफा आपल्यातल्या पुष्कळजणींनी पाहिल्यात. तोफ म्हटलं की राजा आठवतो, गोलंदाज आठवतो. ती ओतणारा कारागीर मात्र कुणाला आठवत नाही. आज बोलू या तशाच कामाबद्दल.

संरक्षण खात्याची डीआरडीओ ही संशोधन संस्था १९५८ साली सुरू झाली. पुण्यात पाषाणला तिची प्रयोगशाळा आहे. ‘पिनाक’ रॉकेट तिथलंच. दिघीच्या प्रयोगशाळेत फौजेसाठी पूल तयार होतात, अहिल्यानगरला फौजेच्या गाड्यांवर काम चालतं. शास्त्रज्ञ आराखडा काढतात. पण लेथवर भाग कातायचा, मोजून बघायचा, चाचणीच्या वेळी तारा जोडायच्या, आकडे टिपायचे, हे तंत्रज्ञाचं काम. केसाच्या जाडीपेक्षा कमी फरक पडला तरी भाग बाद होऊ शकतो. ही नोकरी नागरी आहे, बंदूक घेऊन सरहद्दीवर जायचं नसतं.

आमच्या गटातल्या एका बाईच्या मुलीनं दहावीनंतर आयटीआयला टर्नर ट्रेड मागितला. घरचे म्हणाले, “पोरीनं लोखंड कातायचं?” त्यातच स्थळ आलं. बैठकीत विषय निघाला, तेव्हा आमच्यातल्याही निम्म्याजणी म्हणाल्या, “स्थळ चांगलंय, उरकून टाका.” खोटं कशाला सांगू! मग एक वयस्कर मावशी बोलल्या, “ऊसतोडीला कोयता हातात देताना कुणी म्हणतं का, हे बाईचं काम नाही म्हणून?” आम्ही गप्प झालो. दुसऱ्या दिवशी चौघीजणी तिच्या घरी गेलो. आज ती दुसऱ्या वर्षाला आहे.

आता नीट ऐका. डीआरडीओत टेक्निशियन पदासाठी दहावी आणि जाहिरातीतल्या ट्रेडचं आयटीआय प्रमाणपत्र लागतं. वय १८ ते २८. राखीव गटांना सवलत असते. विधवा, घटस्फोटित भगिनींनी पुन्हा लग्न केलं नसेल, तर त्यांना ३५ वर्षांपर्यंत मुभा असते. आधी संगणकावर परीक्षा, मग हातातल्या कामाची चाचणी. सरकारी आयटीआयत मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत.

परीक्षा देशभरची, नोकरी लागेलच असं नाही. पण हातातली कला कुठं जात नाही. कारखान्यात, वर्कशॉपमध्येही ती पोट भरते.

यंदा दहावीचा निकाल लागला की गटाच्या बैठकीत एवढंच विचारा: आपल्या गावातली कोणती मुलगी पुढं शिकायची थांबलीय? आणि तिच्या घरी चौघीजणी मिळून जा.