नायकाची प्रतीक्षा आणि नफ्याचा बाजार
(रायपूर येथील मराठी भाषिक पक्षसभासदांपुढे दिलेले भाषण)



२३ एप्रिल २०१९ रोजी रायपूर लोकसभा मतदारसंघात मतदान झाले. त्यानंतर तिसऱ्याच दिवशी, २६ एप्रिलला, ‘ॲव्हेंजर्स : एंडगेम’ हा अमेरिकन चित्रपट इंग्रजी, हिंदी, तमिळ व तेलुगू या भाषांत देशभर प्रदर्शित झाला. एकाच आठवड्यात तरुणांपुढे दोन रांगा होत्या. एका रांगेत रोजगाराचा, शिक्षणाचा आणि जमिनीचा प्रश्न होता. दुसऱ्या रांगेत परग्रहावरील एका खलनायकाचा निकाल लागायचा होता. या दुसऱ्या रांगेचा विषय निघाला की कार्यकर्त्यांमध्ये बहुधा थट्टेचा सूर उमटतो. पण थट्टा म्हणजे विश्लेषण नव्हे. ही आतुरता कोण घडवते, कोणाच्या श्रमांतून घडवते आणि तिचे फळ कोणाच्या पदरात पडते, हे तपासणे हे मार्क्सवाद्यांचे काम आहे.

चित्रपटाची जाहिरात ही नवी गोष्ट नाही. टांग्यावर किंवा रिक्षावर भोंगा लावून गावभर दवंडी पिटणारा माणूस, चित्रगृहावरील भव्य फलक रंगवणारा चित्रकार, रात्री खळीची बादली घेऊन भित्तिपत्रके चिकटवणारा मजूर, ही सारी जुन्या जाहिरातीची माणसे होती. त्यांची मजुरी तुटपुंजी होती, परंतु ती मजुरी होती. गेल्या काही दशकांत मक्तेदारी भांडवलाने हे काम त्यांच्या हातून काढून घेतले आणि खुद्द प्रेक्षकाच्या हाती दिले. प्रेक्षक ते विनावेतन करतो. एवढेच नव्हे, तर शेवटी तिकिटाचे पैसेही तोच मोजतो.

याचे ठळक उदाहरण म्हणजे २००८ सालचा ‘द डार्क नाइट’ हा बॅटमॅनचा चित्रपट. त्याचा प्रचार प्रदर्शनाच्या वर्षभर आधी, मे २००७ मध्ये सुरू झाला. ‘४२ एन्टरटेनमेंट’ या कंपनीने तो आखला होता. खलनायकाचे छायाचित्र इंटरनेटवर एकदम दाखवण्यात आले नाही. चाहत्यांनी आपापले ईमेल पत्ते नोंदवावेत आणि प्रत्येक नोंदीबरोबर त्या चित्राचा एकेक ठिपका उघडावा, अशी योजना होती. डिसेंबर २००७ मध्ये अमेरिकेतील काही शहरांत कोडी सोडवून चाहते बेकऱ्यांपर्यंत पोहोचले. तेथे त्यांना मिळालेल्या केकमध्ये मोबाइल फोन दडवलेले होते. चित्रपटातील हार्वी डेंट नावाच्या काल्पनिक उमेदवारासाठी खरोखरीच्या रस्त्यांवर प्रचाराच्या गाड्या फिरल्या, बिल्ले वाटले गेले, तरुणांनी घोषणा दिल्या. अमेरिकेत ते वर्ष राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचे होते! ७५ देशांतील एक कोटीहून अधिक लोकांनी या खेळात भाग घेतल्याचे सांगितले जाते. चित्रपटाची जगभरातील कमाई शंभर कोटी डॉलरच्या पुढे गेली. त्या एक कोटी लोकांच्या वाट्याला काय आले? फक्त आणखी एक तिकीट काढण्याची संधी.

कॅनडातील मार्क्सवादी अभ्यासक डॅलस स्माइद यांनी १९७७ मध्येच या व्यवहाराचे मर्म उलगडले होते. प्रसारमाध्यमे जाहिरातदारांना मुख्यतः जी वस्तू विकतात ती म्हणजे स्वतः प्रेक्षक, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे फरक इतकाच पडला, की विकला जाणारा प्रेक्षक आता विक्रेत्याचे कामही करू लागला.

‘एंडगेम’च्या वेळी तर चाहत्यांना पहारेकरीही बनवण्यात आले. चित्रपटाचा शेवट कोणी फोडू नये, असे आवाहन दिग्दर्शकांनी प्रदर्शनापूर्वी पत्र लिहून केले आणि कोट्यवधी लोकांनी ते स्वखुशीने पाळले. भारतीय प्रेक्षकांसाठी ए. आर. रहमान यांच्याकडून खास गीत करून घेण्यात आले. मार्व्हल ही कंपनी २००९ मध्ये डिस्नेने विकत घेतली होती. त्या डिस्नेला या एका चित्रपटाने जगभरातून सुमारे २८० कोटी डॉलरचा गल्ला मिळवून दिला. एवढी शिस्त, एवढी गुप्तता आणि एवढा उत्साह कोणत्याही जनसंघटनेला हेवा वाटावा असा होता. तो जमा मात्र एका कंपनीच्या खात्यावर झाला.

येथे एक विसंगती लक्षात घेतली पाहिजे. महानायकांच्या या पटांत सामान्य जनता बहुधा कोसळणाऱ्या इमारतींखालून पळणारी गर्दी म्हणूनच दिसते. तिला वाचवणारा कोणीतरी आकाशातून येतो; ती स्वतः काहीच करत नाही. पडद्याबाहेर मात्र सारे काही तीच करते. जी जनता पडद्यावर हतबल आहे, तिच्याच कर्तृत्वावर पडद्यामागचे साम्राज्य उभे आहे.

मग तरुण त्यात का ओढले जातात? उरला आणि सिलतरा येथील लोखंड-पोलादाच्या कारखान्यांत ठेकेदाराच्या हाताखाली राबणाऱ्या कामगाराचा विचार करावा. उद्या काम असेल की नाही, हे त्याला ठाऊक नसते. अन्याय करणाऱ्याला शिक्षा होताना त्याने क्वचितच पाहिलेले असते. पडद्यावर ती शिक्षा हमखास होते, आणि ती पाहताना शेजारचे शेकडो अनोळखी लोक त्याच्याबरोबर टाळ्या वाजवतात. न्यायाची आणि सोबतीची ही भूक खोटी नाही. धर्माविषयी लिहिताना मार्क्सने अफूची उपमा दिली, पण त्याच वेळी पीडितांच्या वेदनेचीही दखल घेतली. तोच दृष्टिकोन येथे ठेवला पाहिजे. भूक खरी आहे. बाजारात तिच्यासाठी विकले जाणारे अन्न निकृष्ट आहे.

या कृत्रिम उन्मादाची किंमत कधी कधी प्राणांनी मोजावी लागते. ४ डिसेंबर २०२४ रोजी हैदराबादच्या संध्या चित्रगृहात ‘पुष्पा २’च्या प्रदर्शनपूर्व खेळाच्या वेळी चेंगराचेंगरी झाली. त्यात एका महिलेचा मृत्यू झाला आणि तिचा लहान मुलगा गंभीर जखमी झाला. गर्दी खेचण्यासाठी महिनोन् महिने योजना आखणाऱ्या उद्योगाला गर्दीच्या सुरक्षिततेची योजना मात्र सुचली नाही.

प्रत्येक प्रतीक्षा अशीच विकत घडवलेली असते काय? छत्तीसगडचा इतिहास वेगळे सांगतो. १९६५ मध्ये मनू नायक यांनी ‘कहि देबे संदेस’ हा पहिला छत्तीसगढी चित्रपट काढला. दलित तरुण आणि ब्राह्मण तरुणी यांच्या प्रेमाची ती कथा होती आणि तिला सनातन्यांच्या विरोधाला तोंड द्यावे लागले. तिच्यामागे कोणतीही बलाढ्य कंपनी नव्हती. पुढे ऑक्टोबर २००० मध्ये, राज्याची स्थापना अवघ्या काही दिवसांवर आली असताना, सतीश जैन यांचा ‘मोर छइंहा भुइंया’ झळकला आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. आपली भाषा पडद्यावर ऐकण्यासाठी लोटलेली ती गर्दी होती. नफा तेथेही होता, हे नाकारण्याचे कारण नाही. पण ती उत्कंठा या मातीतून उगवली होती.

मराठी भाषिकांना या प्रदेशाशी जोडणारा एक मोठा दुवा म्हणजे गजानन माधव मुक्तिबोध. घरची भाषा मराठी, लेखन हिंदीत, आणि आयुष्याची अखेरची वर्षे राजनांदगावात. १९६४ मध्ये त्यांचे निधन झाले. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ या त्यांच्या कवितेत रात्रीच्या अंधारात भिंतींवर संपाची भित्तिपत्रके चिकटवणारी माणसे आहेत. भित्तिपत्रक तेच, खळ तीच. पण त्यावर काय छापले आहे आणि ते कोणासाठी लावले जाते, यावरून साऱ्याचा अर्थ बदलतो.

म्हणून सांस्कृतिक आघाडीवर काम करणाऱ्या सभासदांपुढे तीन कामे आहेत. पहिले, तरुणांच्या आवडीला नाके मुरडणे थांबवावे. त्यांच्याबरोबर चित्रपट पाहावा आणि पाहून झाल्यावर चर्चा घडवावी. दुसरे, छत्तीसगढी, गोंडी आणि मराठी चित्रपटांना परवडणाऱ्या दरात पडदा मिळावा, तसेच चित्रगृहांतील कामगारांना योग्य वेतन व सुरक्षितता मिळावी, या मागण्या लावून धराव्यात. तिसरे, १९४३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या इप्टाची आणि अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाची परंपरा वस्त्यावस्त्यांत नव्याने उभी करावी. या कलापथकाचे प्रयोग पाहायला कामगार कोणाच्या जाहिरातीशिवाय जमत होते. त्यांना तेथे स्वतःचेच जीवन दिसत होते.

तरुणांजवळ वाट पाहण्याची ताकद आहे, एकत्र जमण्याची ताकद आहे, एखादी गोष्ट घरोघरी पोहोचवण्याची ताकद आहे. भांडवलदारांनी ती ओळखली आणि वापरली. ती ओळखून श्रमिकांच्या बाजूने वळवणे, आणि ज्या नायकाची वाट पाहिली जात आहे तो रांगेतच उभा आहे हे रांगेला पटवून देणे, हे पक्षाचे काम आहे.